मोठ्या वयातील फोनिक्स : पार्श्वभूमी

इंग्रजी वाचनात मागे पडलेल्या दहा-बारा वर्षांपुढील विद्यार्थ्यांना ध्वनी आणि अक्षरांचा संबंध, म्हणजेच ‘फोनिक्स’, पुन्हा मुळापासून शिकवावा का, हा प्रश्न आज नव्याने विचारला जात असला, तरी या विषयाच्या इतिहासात मोठी मुले आरंभापासूनच आहेत. १८९६ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात वाचन न जमणाऱ्या ज्या मुलाची नोंद प्रसिद्ध झाली तो १४ वर्षांचा होता. अंक तो सहज वाचत असे, मात्र स्वतःच्या नावाचे स्पेलिंगही त्याच्याकडून चुकत असे. पाहणे, उच्चारणे आणि हाताने गिरवणे यांची सांगड घालणारी उपचारात्मक पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. शब्द अखंड आकृतीसारखा ओळखायला लावण्याच्या पद्धतीवर १९५५ मध्ये तिथेच एका पुस्तकाने कठोर टीका केली, आणि त्या पुस्तकाला निमित्त झालेला मुलगाही १२ वर्षांचा होता.

पुढे मात्र सारे लक्ष पाच-सहा वर्षांच्या मुलांकडे वळले. लहानपणीच अडचण रोखणे श्रेयस्कर आहे याबद्दल कोणाचेही दुमत नाही. पण मोठ्यांना वगळण्यासाठी ज्या निष्कर्षाचा आधार घेतला गेला, तो तेवढा भार पेलणारा नव्हता.

अमेरिकी संसदेच्या सूचनेवरून नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २००० मध्ये फोनिक्सवरील ३८ अभ्यासांतील ६६ तुलना एकत्र तपासल्या. मागे पडण्याचा धोका असलेल्या पहिलीतील मुलांमध्ये परिणामाचे माप (फोनिक्स शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांतील फरक; शून्य म्हणजे फरक नाही) ०.७४ इतके भरले, तर दुसरी ते सहावीतील ‘कमी संपादणूक’ असलेल्या वाचकांमध्ये ते केवळ ०.१५ होते आणि संख्याशास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य नव्हते, म्हणजे तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकत होता. स्पेलिंगच्या बाबतीत तफावत आणखी मोठी होती : लहान वर्गांत ०.६७, मोठ्या वर्गांत ०.०९. या आकड्यांवरून ‘पहिलीनंतर फोनिक्सचा उपयोग नाही’ असे सोपे विधान रूढ झाले. वास्तविक ०.१५ हा आकडा अवघ्या तीन अभ्यासांतील आठ तुलनांवर उभा होता आणि ती मर्यादा मंडळाने स्वतःच नोंदवली होती. शिकवणी पुरेशी सखोल नसावी किंवा मुलांची अडचण अर्थाच्या आकलनात असावी, अशा शक्यताही अहवालात स्पष्ट लिहिलेल्या होत्या; त्या फारशा कोणी पुढे वाचल्या नाहीत.

गुंता वर्गवारीतही होता. बुद्धिमापन सर्वसाधारण असूनही वाचनात मागे असलेली मुले ‘वाचन-अक्षम’ या निराळ्या गटात मोजली गेली होती, आणि त्या गटात परिणाम ०.३२ म्हणजे ग्राह्य ठरण्याइतका दिसला. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या, सारख्याच शब्दांवर अडखळणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला मदत फलदायी आणि दुसऱ्याला निष्फळ, असा अर्थ त्यातून काढणे अन्यायाचे होते. बुद्ध्यंकावर आधारलेल्या या विभागणीला संशोधकांचा आक्षेप त्याही वेळी होताच.

इंग्लंडमध्ये २००६ च्या शिफारशींनंतर ध्वनी जोडत शब्द वाचण्याची पद्धत प्राथमिक शाळांत मुख्य ठरली आणि २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांची ४० शब्दांची चाचणी सुरू झाली, ज्यातील निम्मे शब्द मुद्दाम रचलेले व निरर्थक असतात. वरच्या वर्गांकडे धोरणाचे लक्ष उशिरा गेले. दरम्यान २०१९ मध्ये अमेरिकेतील पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली : शब्द उलगडण्याची, म्हणजे अक्षरांवरून तो वाचण्याची, क्षमता ठरावीक पातळीखाली असेल, तर पुढील वर्षांत आकलनाची वाढ जवळपास खुंटते. इंग्लंडच्या वाचनविषयक मार्गदर्शक आराखड्यात २०२३ मध्ये माध्यमिक वर्गांतील मागे पडलेल्या वाचकांचाही समावेश झाला.

तरीही मोठ्यांसाठी लहानांचाच पाठ्यक्रम जसाच्या तसा वापरणे योग्य नाही. त्यांना बहुधा ‘कॅट’ वाचता येते. ते थबकतात ते अनेक अवयवांच्या (उच्चारातील तुकड्यांच्या) शब्दांपाशी, जिथे आघात नसलेले स्वर अस्पष्ट होतात आणि ऐकून स्पेलिंग ठरवता येत नाही. अशा ठिकाणी शब्दाचे अवयव पाडणे, उपसर्ग-प्रत्यय ओळखणे आणि ‘सिग्नेचर’मध्ये ऐकू येणारे अक्षर ‘साइन’मध्ये मूक का राहते हे मूळ रूपावरून समजावणे उपयोगी पडते. सरावाचे उतारेही त्यांच्या वयाला शोभणारे हवेत, कारण पाच वर्षांच्या मुलाचे चित्रपुस्तक वर्गमित्रांदेखत हातात घ्यावे लागणे तेरा वर्षांच्या मुलाला सहन होत नाही. माध्यमिक शाळेत हे काम कोणत्या तासिकेत आणि कोणत्या विषयाच्या शिक्षकाने करावे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. तिथल्या बहुतेक शिक्षकांच्या प्रशिक्षणात आरंभिक वाचनाला स्थानच नसते.