गाडी एवढी पळाली, मग सरासरी वेग इतका कमी का?
(रुळपट्टी व अंतर-सेन्सर संच वापरणाऱ्या शाळांसाठी)

"गाडी पट्टीवर पुढे-मागे चांगली पळाली, पण पडद्यावर सरासरी वेग शून्याच्या जवळ. सेन्सर बिघडला का?" शाळांचे सर्वांत जास्त फोन आम्हाला याच शंकेसाठी येतात. संच परत पाठवण्याआधी कृपया एवढं वाचा. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो.

बोलताना आपण चालीलाही वेगच म्हणतो. रस्त्यावरची 'वेगमर्यादा' ही शास्त्राच्या भाषेत चालीची मर्यादा आहे. एकूण कापलेलं अंतर भागिले लागलेला वेळ, ही सरासरी चाल. सरासरी वेगासाठी मात्र वर घ्यायचं विस्थापन, म्हणजे शेवटची जागा वजा सुरुवातीची जागा. मधे गाडी कितीही वेळा वळली तरी या वजाबाकीला त्याचं काही नाही.

आमच्या संचात सेन्सरपासून दूर जाणं अधिक, जवळ येणं उणे. आता हा प्रयोग करून पाहा. गाडी ०.२० मीटरच्या खुणेवर ठेवा. ३ सेकंदांत १.४० मीटरपर्यंत न्या, १ सेकंद थांबवा आणि २ सेकंदांत ०.५० मीटरवर परत आणा. अंतर झालं १.२० + ०.९० = २.१० मीटर, वेळ ६ सेकंद. सरासरी चाल ०.३५ मी/से. विस्थापन ०.५० − ०.२० = ०.३० मीटर, म्हणून सरासरी वेग फक्त +०.०५ मी/से. पडद्यावर दिसतो तो हाच आकडा.

मुलं इथे हमखास एक चूक करतात, आणि ती वर्गात मुद्दाम घडू द्यावी असं आम्हाला वाटतं. जातानाचा वेग +०.४०, येतानाचा −०.४५. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की येतात −०.०२५ मी/से. म्हणजे गाडी सुरुवातीच्या खुणेच्या मागे गेली! ती तर ३० सेंटिमीटर पुढे उभी आहे. चूक अशी की दोन्ही टप्प्यांना सारखंच वजन दिलं, आणि थांबलेला सेकंद धरलाच नाही. प्रत्येक वेग त्याच्या वेळेने गुणा: (०.४० × ३) + (० × १) − (०.४५ × २) = ०.३०. त्याला ६ ने भागा, पुन्हा ०.०५ येतात.

आलेखावरही हे दिसतं. स्थान-काल आलेखाचा पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडा. त्या सरळ रेषेचा चढ म्हणजे सरासरी वेग. वक्र मधे कुठेही फिरो.

सेन्सर ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो. हवा तापली की ध्वनी जलद जातो (२० अंश सेल्सिअसला सुमारे ३४३ मी/से). म्हणून उन्हाळ्यात संचावरचं तापमान आधी बदलून घ्या.

तरीही शंका राहिली, तर गाडी फिरवून अगदी सुरुवातीच्या खुणेवर आणून ठेवा. विस्थापन शून्य दिसायला हवं. १ सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर संच जरूर पाठवा. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.