वॉलेटाधारित प्रवेशनियंत्रण

क्लाउड मंचावरील यंत्रे, साठवण वा गणनवेळ कोणाला वापरू द्यायची हे पासवर्डाऐवजी वॉलेटातील खाजगी किल्लीने (मालकापाशीच राहणाऱ्या गुप्त संख्येने) केलेल्या सहीवरून ठरवण्याची पद्धत. ‘वॉलेट’ या शब्दाने घोटाळा होतो. त्यात पैसे नसून किल्ल्या असतात, म्हणून ‘जुडगा’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता.

उगमाविषयी दोन मते दिसतात. पहिले मत संगणकशास्त्रज्ञ डेनिस व व्हॅन हॉर्न यांच्या १९६६ मधील ‘केपेबिलिटी’ कल्पनेपाशी जाते : अधिकारपत्र ज्याच्या हाती त्याला प्रवेश, नाव विचारण्याचे कारण नाही. दुसरे मत डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सार्वजनिक किल्लीच्या (खाजगी किल्लीच्या जगजाहीर जोडीदाराच्या) गूढलेखनापासून आरंभ धरते. प्रवेशाचा हक्क बहुधा टोकनाने, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंदलेल्या डिजिटल चिन्हाने, दिला जातो; ‘टोकन असेल त्याला प्रवेश’ या वर्णनामुळे पहिले मत सहज पटते. मात्र सर्व्हर टोकन हाती घेत नाही. ब्लॉकचेनच्या (अनेक संगणकांवर सामायिक राखलेल्या) खातेवहीत संबंधित पत्त्यापुढे, म्हणजे सार्वजनिक किल्लीवरून काढलेल्या वॉलेटाच्या क्रमांकापुढे, त्याची नोंद आहे का, एवढेच तो पाहतो. लॅम्पसन यांच्या १९७१ च्या प्रवेश-सारणीच्या भाषेत ही ओळ (एकाचे सारे अधिकार) नव्हे, स्तंभ, म्हणजेच एका साधनासाठी परवानगी असलेल्यांची यादी. त्यामुळे दुसरे मत वस्तुस्थितीला जवळचे वाटते.

इथेरियम या ब्लॉकचेनवर लॉगिनच्या संदेशाचा साचा ईआयपी-४३६१ या प्रस्तावाने (२०२१) ठरवला. संदेशात संकेतस्थळाचे नाव, पत्ता, वेळ आणि किमान आठ अक्षर-अंकांचा एकदाच चालणारा ‘नॉन्स’ असतो; नॉन्समुळे जुनी सही पुन्हा वापरता येत नाही. सही ६५ बाइटांची. तिच्यावरून सर्व्हर सार्वजनिक किल्ली काढतो, तिचा केचॅक-२५६ हॅश (ठरावीक लांबीचा गणिती ठसा) घेतो आणि त्याचे शेवटचे २० बाइट पत्त्याशी ताडतो. येथे किल्ली कोणाकडे आहे एवढेच सिद्ध होते. माणूस कोण हे नाही.

कोल्हापुरात शिरोली वा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला कास्टिंग कुठे आकसेल याचे सिम्युलेशन भाड्याच्या क्लाउडवर चालवायचे झाल्यास ही पद्धत लावता येईल. डिजिटल सहीचे डोंगल (यूएसबी उपकरण) तेथे नवे नाही. ई-निविदेसाठी ते लागतेच (आणि पुष्कळदा मालकाऐवजी हिशेबनिसाच्या ड्रॉवरमध्ये असते). डोंगलमधील प्रमाणपत्र परवानाधारक संस्था नाव तपासून देते, वॉलेटाचा पत्ता कोणीही घरबसल्या तयार करतो. म्हणून पत्ता आणि कामगार यांची सांगड कारखान्यालाच आपल्या वहीत घालावी लागते.

नोकरी सोडून गेलेल्याचे टोकन काढून घेतले तरी चालू सत्र आपोआप बंद होईलच असे नाही. खातेवही केवळ लॉगिनवेळी पाहिली जात असेल तर मुदत संपेपर्यंत प्रवेश उघडा राहतो. किल्ली हरवल्यास ‘पासवर्ड विसरलात?’ हा मार्ग नाही. बीआयपी-३९ या बिटकॉइनच्या प्रस्तावानुसार २०४८ शब्दांच्या यादीतून निवडलेले १२ ते २४ शब्द जपलेले असल्यास किल्ली पुन्हा घडवता येते. एकाहून अधिक सह्यांची वॉलेटे हा दुसरा उपाय. त्यांची सही ईआरसी-१२७१ या इथेरियमच्या मानकाप्रमाणे वॉलेट चालवणाऱ्या करारालाच (ब्लॉकचेनवरील प्रोग्रॅमला) विचारून तपासतात.