व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन: मेश बारीक केला म्हणजे मॉडेल खरं ठरत नाही

पूल, धरण, मशीन यांच्या कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिसचा रिपोर्ट उघडला की शेवटी एक वाक्य हमखास असतं, "मॉडेल व्हॅलिडेट केलं आहे". आणि बघावं तर काय केलेलं असतं, तर मेश, म्हणजे हिशोबासाठी मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे, आकाराने निम्मा केला, स्ट्रेस (आतला ताण) जेमतेम बदलला, झालं. अरे बाबा, हे व्हेरिफिकेशन आहे. केलंस ते चांगलंच केलंस, पण व्हॅलिडेशनचा अजून पत्ताच नाही.

सरळ सांगायचं तर, आपण जी समीकरणं घेतली ती कॉम्प्युटरने नीट सोडवली का हे बघणं म्हणजे व्हेरिफिकेशन, आणि मुळात तीच समीकरणं त्या पुलाला, धरणाला, मशीनला लागू पडतात का हे बघणं म्हणजे व्हॅलिडेशन. पहिलं काम खुर्चीत बसून होतं: मेश बदलून बघा, हाताने सुटेल अशी सोपी केस टाकून बघा. दुसऱ्याला बाहेरून मोजून आणलेला आकडा लागतो, ताणाने वस्तू किती लांबते ते मोजणारा स्ट्रेन गेज लागतो, चाचणीचा सांगाडा म्हणजे टेस्ट रिग लागते, म्हणजे पैसे लागतात, म्हणून ते राहून जातं.

पहिलं चुकलं तर काय होतं त्याचं उदाहरण नॉर्वेचं. स्लाइपनर ए नावाच्या ऑइल-गॅस प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया, वर डेक बसवायच्या आधी स्टावांगरजवळच्या फ्योर्डमध्ये पाणी भरून हळूहळू खाली उतरवत होते, 23 ऑगस्ट 1991ला एक भिंत फुटली आणि अख्खा पाया तळाशी गेला. नशिबाने माणसं वाचली. गोल टाक्या एकमेकींना चिकटतात तिथे मध्ये जी तिकोनी पोकळी राहते त्या पोकळीच्या भिंतींवर पाण्याचा दाब येतो, आणि नेमकं तिथेच फायनाइट एलिमेंटचा (तुकडे पाडून सोडवायची ही पद्धत) मेश जाडाभरडा, त्यामुळे नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरने शिअर, म्हणजे भिंत कापू बघणारा जोर, 47 टक्के कमी दाखवला. सळईचं डिटेलिंगही तिथे कमी पडलं. आता गंमत बघा, नंतर तेच अ‍ॅनालिसिस जास्त काळजीने केलं तर भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं, आणि प्रत्यक्षात ती 65 मीटरला फुटली! म्हणजे भौतिकशास्त्र सगळ्यांना माहीत होतं, सोडवण्यात माती खाल्ली.

लंडनच्या मिलेनियम ब्रिजचं बरोबर उलटं. 10 जून 2000ला उघडला, लोक चालायला लागले तसा पूल आडवा डुलायला लागला, आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. इथे सॉफ्टवेअरने काही चुकीचं सोडवलं नव्हतं, मेश कितीही बारीक केला असता तरी तेच उत्तर आलं असतं, कारण पूल जरा हलला की माणूस तोल सावरायला पाय फाकून त्याच लयीत टाकतो आणि पुलाला आणखी ढकलतो, हा परिणाम मॉडेलमध्ये नव्हताच. ठराविक गर्दीपर्यंत काही जाणवत नाही, त्यापुढे चारदोन माणसं वाढली की एकदम डुलतो. हे कळलं कसं, तर पुलावर खरी माणसं चालवून, मोजून. मग डोलणं शोषून घेणारे डॅम्पर बसवले आणि 2002मध्ये पूल परत उघडला.

म्हणून क्रम उलटा करू नका. आधी व्हेरिफिकेशन, मग टेस्टशी तुलना, नाहीतर जाड मेशची चूक आणि चुकीच्या मटेरियल डेटाची चूक एकमेकींना खाऊन टाकतात, ग्राफ मस्त जुळतो आणि आपण खूश.

आणि एक तिसरी भानगड आहे, कॅलिब्रेशन, म्हणजे उत्तर जुळेपर्यंत मॉडेलमधले आकडे फिरवणं, ती तर सर्रास व्हॅलिडेशन म्हणून खपवली जाते. आपलं कोयना धरण घ्या. 103 मीटर उंच, भूकंपासाठी डिझाइनमध्ये धरलेला कोइफिशंट 0.05 (म्हणजे वजनाच्या 5 टक्के आडवा जोर), आणि 11 डिसेंबर 1967च्या भूकंपात तिथल्याच यंत्रावर प्रवेग नोंदला गेला 0.5 जीच्या आसपास, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा. मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीला आडव्या भेगा पडल्या. धक्क्याची नोंदही आहे आणि भेगांची जागाही माहीत आहे, असं क्वचितच मिळतं, म्हणून जगभरात काँक्रीट धरणाचं मॉडेल तपासायला कोयनाच घेतात, अबॅकस या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हे उदाहरण आहे. पण भेग बरोबर जागी येईपर्यंत डॅम्पिंग (हलणं किती लवकर शमतं) आणि काँक्रीटची टेन्साइल स्ट्रेंग्थ (ओढ सोसायची ताकद) यांचे आकडे फिरवत बसलात, तर ते कॅलिब्रेशन झालं. उत्तरपत्रिका बघून सोडवलेला पेपर तो. व्हॅलिडेशन म्हणायचं तर ते आकडे धरणातून काँक्रीटचा कोअर (नमुन्याचा दंडगोल) काढून, चाचणी करून आधी ठरवायचे, मग मॉडेल चालवायचं आणि भेग कुठे येते ती येऊ द्यायची.

शिवाय भूकंपानंतर धरणाला मागून काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत केलंय, म्हणजे 1967च्या सेक्शनवर जुळलेलं मॉडेल आजच्या सेक्शनला लावायचं असेल तर जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा धक्क्यात कसा वागतो ते वेगळं तपासावं लागेल, त्याबद्दल जुन्या भेगा काहीच सांगत नाहीत.