पेव्हर ब्लॉकच्या खाली अडकलेले पाणी

पावसाळा सरत आला की घरासमोरच्या पेव्हर ब्लॉकच्या वाटेवर दोन समांतर खळगे दिसू लागतात, नेमके गाडीची चाके जातात तिथेच. मग ब्लॉक उचकटतात, खाली दोन-तीन इंच रेती टाकून पातळी साधतात, ब्लॉक परत बसवतात. पुढच्या पावसाळ्यात चाकोरी पुन्हा त्याच जागी उमटते. ब्लॉकच पातळ होते, असा निष्कर्ष निघतो. काही जण तर ‘जागेतच दोष आहे’ म्हणून नाद सोडून देतात. जागेत दोष वगैरे काही नसतो. खाली माती असते, पाणी असते, आणि त्या दोघांमधला हिशेब नीट मांडता येतो.

माती म्हणजे सुट्या कणांची रास. कणांच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते, पाणी असते किंवा दोन्ही. वरून वजन आले की कण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथून ते खाली खाली पोचते. कण जितके घट्ट एकमेकांवर दाबलेले, तितके घर्षण जास्त आणि तितकी माती हलायला कठीण. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की भाराचा काही हिस्सा पाणी उचलू लागते. पाण्याला घर्षण माहीत नाही. त्यामुळे पाण्याने जेवढा भार घेतला, तेवढी कणांची पकड सुटते.

कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२०च्या दशकात हे एका वजाबाकीत बसवले आणि त्यातून मृदा-यांत्रिकी, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याचे शास्त्र, उभे राहिले. एकूण दाबातून पोकळ्यांमधल्या पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो ‘प्रभावी दाब’, आणि मातीची ताकद या उरलेल्या दाबावर ठरते. आकडे घालून पाहू. एक घनमीटर मातीचे वजन साधारण १८ किलोन्यूटन धरले, तर अर्धा मीटर खोलीवर दाब होतो ९ किलोपास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला ९ किलोन्यूटन. आता पाऊस पडून पाण्याची पातळी जमिनीपर्यंत आली. ओली माती थोडी जड झाली, २० किलोन्यूटन. म्हणजे एकूण दाब १० किलोपास्कल. पण त्याच खोलीवर पाण्याचा दाब असतो जवळपास ५. वजाबाकी केली की कणांच्या वाट्याला उरतात ५. माती जड झाली, तरी तिची पकड ९ वरून ५ वर उतरली. मला या शास्त्रातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

हे झाले गाडी उभी नसताना. चाक फिरते तेव्हा गोष्ट आणखी बिघडते. टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो जेवढ्या दाबाची हवा त्यात भरलेली असते, म्हणजे मोटारीच्या बाबतीत २०० किलोपास्कलच्या आसपास. ब्लॉक आणि खडी तो दाब पसरवून सौम्य करतात, तरी काही भाग खाली पोचतोच. पाणी व्यवहारात दाबले जात नाही, आणि चाक जायला लागणाऱ्या क्षणभरात चिकणमातीतून ते निसटूही शकत नाही. भरड रेतीच्या तुलनेत चिकणमातीतून पाणी लाखो पट सावकाश झिरपते. शिवाय निचऱ्याला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. म्हणून चाकाखाली पाण्याचा दाब एकदम चढतो, कण सैल होतात आणि पाणी मिळेल त्या फटीतून वर उसळते. येताना बारीक कण घेऊन येते. गाडी गेल्यावर सांध्यांतून गढूळ पाणी येताना दिसले, तर खालचा थर थेंबाथेंबाने बाहेर चालला आहे असे समजावे.

म्हणूनच ब्लॉकखाली जाड रेती घालून पातळी साधणे हा उपाय उलटतो. तिथे रेतीचा थर दबाईपूर्वी २५ मिलिमीटरच्या आसपास हवा, आणि ती भरड, धुतलेली हवी. क्रशरची भुकटी स्वस्तात मिळते, सपाट बसतेही छान. पण तिच्यातले पिठासारखे कण पाणी धरून ठेवतात. पातळीची चूक रेतीखालच्या खडीच्या थरातच सुधारावी.

त्या खडीच्या थराची दबाई हा या कामाचा कणा. राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये दाखवले की तेवढ्याच ठोक्यांत माती किती घट्ट बसेल हे तिच्यातल्या ओलाव्यावर ठरते. फार कोरडी असेल तर कण एकमेकांवरून घसरत नाहीत. फार ओली असेल तर पोकळीतले पाणीच जागा अडवते. मधल्या एका ओलाव्याला घनता सर्वांत जास्त मिळते. भर पावसात भिजलेल्या मातीवर कितीही धुम्मस मारले तरी ती रबरासारखी हलत राहते ती यामुळेच. खोदलेला खड्डा ताडपत्रीने झाकावा, चिखल झालाच तर तो काढून टाकावा, आणि कोरड्या दिवसांची वाट पाहावी. भरावावर पाणी सोडून तो ‘बसवण्याची’ पद्धत स्वच्छ रेतीत थोडीफार चालते, चिकणमातीत अजिबात नाही. प्लेट कॉम्पॅक्टरचा, म्हणजे थरथरत्या पाट्याने दाबणाऱ्या यंत्राचा, जोर खोलीबरोबर झपाट्याने ओसरतो, त्यामुळे खडी ७५ ते १०० मिलिमीटरच्या थरांत घालून प्रत्येक थर वेगळा दाबावा. चिकणमातीवर गाडीसाठी एकूण २०० ते ३०० मिलिमीटर खडी हवी.

खडी आणि चिकणमाती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, अंथरावे. नाहीतर माती खडीत घुसते आणि खडी मातीत रुतते. कापडाऐवजी मधला दाणेदार थर घालायचा असेल तर टेर्झागींचाच गाळणीचा नियम आहे: गाळणीच्या थरातले वजनाने १५ टक्के कण ज्या आकाराहून बारीक असतात तो आकार, मातीतले ८५ टक्के कण ज्याहून बारीक असतात त्या आकाराच्या पाचपटीपेक्षा कमी असावा. म्हणजे मातीचे मोठे कण गाळणीच्या पोकळ्यांत अडकतात आणि त्यांच्यामागे बारीक कणही थोपतात.

पाणी मुळात खाली कमी जावे यासाठी मीटरला २० मिलिमीटर उतार ठेवावा आणि छपराच्या पन्हळीचे पाणी वाटेपासून दूर न्यावे. सांध्यांवर रासायनिक लेप मारला की पाणी शिरणारच नाही, ही जाहिरात मनावर घेऊ नये. सांधे थोडे तरी झिरपतातच, आणि आत गेलेल्या पाण्याला खालून वाट नसेल तर लेप त्याला कोंडूनच ठेवतो. कडेला पक्का कर्ब हवा. तो नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात, सांधे उघडतात आणि रेती निसटते. गाडीच्या वाटेवर ब्लॉकची मांडणी हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी एकमेकांत गुंतलेली, घ्यावी. चाकाच्या वळणाचा आणि ब्रेकचा जोर त्यात अनेक ब्लॉकांवर वाटला जातो.

झिरपते पेव्हिंगही करता येते. त्यात बारीक कण नसलेली खडी वापरतात. तिच्यात ३० ते ४० टक्के पोकळी असते आणि पावसाचे पाणी तिथे तात्पुरते साठते. पण खाली चिकणमाती असेल तर तळाशी छिद्रांचा पाइप टाकून ते पाणी बाहेर काढावेच लागते. काम ठरवण्याआधी वाटेच्या जागी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसले, तर पाइपाचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.