'रिलक्टंट'ची कुस्ती

भाचा बारावीला आहे. रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करतो. परवा ताईच्या घरी जेवायला बसलो होतो. ताई पांढरा रस्सा वाढायला लागली तसा हा म्हणाला, "मामा, आय अ‍ॅम रिलक्टंट पांढरा रस्सा. तांबडाच पाहिजे." वहीत लिहिलेलं, रिलक्टंट म्हणजे नाखूष. अर्थ तोंडपाठ, वाक्य चितपट.

१९७८ मध्ये सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट या संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना सहज सांगितलं, "तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको." ट्रे होता शेवाळी हिरवा; 'क्रोमियम' हे त्या रंगाला दिलेलं, मुलांना नवं नाव. मुलांनी बरोबर आणला. पुढं तपासलं, तर बऱ्याच जणांना तो रंगाचा शब्द आहे एवढं उमगलेलं. नेमका कुठला रंग, हे पक्कं नव्हतं. शब्दाला हात चटकन लागतो, पकड बसायला वेळ जातो.

भाच्याचा हातच लागला होता. रिलक्टंट माणूस वस्तूला नको म्हणत नाही, काही करायला कचरतो. म्हणून पुढं 'टू' आणि क्रियापद येतं: रिलक्टंट टू गो. आणि बऱ्याचदा कुरकुरत का होईना, तो ते करतोही. मराठीत याला 'नाखूष'पेक्षा 'जिवावर येणं' जवळचं. बाजारात जायचं जिवावर येतं. रस्सा जिवावर आला, असं कुणी म्हणत नाही. शब्दाला शब्द जोडण्यापेक्षा असा आख्खा वाक्प्रचार जोडावा, असं माझं मत.

मूळ तर आपल्या कोल्हापूरचंच निघालं! लॅटिनमध्ये 'लुक्तारी' म्हणजे कुस्ती खेळणं, 'रेलुक्तारी' म्हणजे उलट जोर लावणं. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात खाली दाबलेला पैलवान मान ताठ करून चीत व्हायला नकार देतो, तो खरा रिलक्टंट. हे सांगितल्यावर भाच्याचे डोळे चमकले.

पाठांतराचं म्हणाल, तर वही पुन्हापुन्हा वाचणं कमी कामाचं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं; आठवड्यानं विचारलं तर न बघता आठवून लिहिलेले पुढं. आठवायला मेंदूला जोर लागतो, त्यातूनच आठवण घट्ट होते. तेव्हा अर्थाची बाजू हातानं झाकायची, आठवायचं, आणि दोन-चार दिवस सोडून परत.

रविवारी ताईनं त्याला दळण आणायला पिटाळलं. पिशवी उचलत म्हणाला, "मामा, आय अ‍ॅम रिलक्टंट टू गोइंग." 'टू' आला होता. 'गोइंग'चं बघू पुढच्या रविवारी.