बिल्ल्यावरचं साल आणि क्लबचं खरं वय

‘इटलीतल्या छोट्या गावाच्या फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावर १९०९ आहे, म्हणजे तो तेव्हापासून अखंड सुरू आहे’ हा समज जुना, आणि साहजिकही. साल बहुधा खरंच असतं, पण गावातल्या पहिल्या संघाचं. क्लब दिवाळखोरीत निघाला की नवी संस्था उभी राहते, रंग आणि चिन्ह तेच ठेवते, अन् सहसा सेरी डी (इटलीतली चौथ्या पायरीची लीग) किंवा त्याखालच्या पायरीपासून खेळते. जुनं साल कित्येकदा तेव्हाच नावात शिरतं.

पडताळायचं तर जुने गुणतक्ते काढा. सेरी सीमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, मधल्या स्थानावर राहिलेला संघ पुढच्या मोसमात दोन पायऱ्या खाली दिसला, तर ती घसरण मैदानावरची नव्हे. मग इटलीच्या फुटबॉल महासंघाकडचा नोंदणी क्रमांक, ‘मात्रिकोला’, बघा. नुसतं नाव बदललं तर तो तोच राहतो. नव्या संस्थेला सहसा नवा मिळतो.