नकाशाच्या खुणा ब्राउझरपर्यंत : एसएलडीरीडर या लायब्ररीची पार्श्वभूमी

शाळेत भूगोल शिकलेल्या प्रत्येकाला 'चिन्हे व खुणा' हा मथळा आठवत असेल. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या स्थलनिर्देशक नकाशात पाणी निळे, समोच्च रेषा तपकिरी, लागवडीखालची जमीन पिवळी आणि वस्ती तांबडी, हे एकदा ठरलेले असल्यामुळे नकाशा कोकणातला असो वा विदर्भातला, तो वाचणाऱ्याला नव्याने काही शिकावे लागत नाही. वेबवरच्या नकाशांना अशीच शिस्त लावण्याचे काम गेली वीस-पंचवीस वर्षे चालू आहे. ब्राउझरमध्ये नकाशे दाखवणाऱ्या ओपनलेअर्स या खुल्या लायब्ररीच्या नकाशांना प्रमाणित शैली लावणारी एसएलडीरीडर ही जावास्क्रिप्ट लायब्ररी त्याच कामाचा भाग आहे, आणि मध्यंतरी तुटलेला एक दुवा तिने पुन्हा जोडला आहे.

सुरुवातीला वेबवरचा नकाशा म्हणजे सर्व्हरने काढून पाठवलेले तयार चित्र असे. 1994 साली स्थापन झालेल्या आणि आज ओपन जिओस्पेशिअल कन्सोर्शिअम (ओजीसी) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने 2000 साली वेब मॅप सर्व्हिस (डब्ल्यूएमएस) हे मानक प्रसिद्ध केले आणि कोणत्याही सर्व्हरकडून ठरावीक पद्धतीने नकाशाचे चित्र मागवण्याची सोय झाली. मात्र चित्र कसे दिसावे हे सर्व्हरच ठरवत असे. मागणाऱ्याला त्याने देऊ केलेल्या शैलींपैकी एखादे नाव तेवढे निवडता येई. ही अडचण दूर करण्यासाठी 2002 साली स्टाइल्ड लेअर डिस्क्रिप्टर, म्हणजेच एसएलडी, हे मानक आले. त्यात नकाशाची शैली एका एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) फाइलमध्ये लिहून ठेवता येते आणि ती फाइल सॉफ्टवेअरपासून स्वतंत्र राहते.

या फाइलची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक शैली नियमांची बनलेली असते. नियमात एक गाळणी असते, ती 'रस्त्याचा प्रकार महामार्ग असेल तर' यासारखी अट सांगते. लहान-मोठ्या प्रमाणाच्या दोन मर्यादा असतात, त्या हा नियम कोणत्या झूमवर लागू होतो हे ठरवतात. आणि बिंदू, रेषा, क्षेत्र, अक्षरे व रास्टर (उपग्रहचित्रासारखी चौकटींची प्रतिमा) यांपैकी एखादे चिन्ह कसे काढायचे याचे वर्णन असते. कोणत्याच अटीत न बसलेल्या घटकांसाठी 'उरलेले सगळे' असा खास नियमही लिहिता येतो. नियमांचे गट एकावर एक रंगवले जातात, म्हणून आधी जाड काळी रेषा आणि तिच्यावर बारीक पिवळी रेषा काढली की कडा असलेला रस्ता दिसतो. छापील नकाशा करणाऱ्यांची ही जुनी युक्ती मानकात जशीच्या तशी बसली, याचे मला विशेष कौतुक वाटते.

पुढे 2006-07 मध्ये या मानकाचे दोन भाग झाले. चिन्हांचे वर्णन 'सिंबॉलॉजी एन्कोडिंग' या वेगळ्या मानकात गेले आणि एसएलडी 1.1.0 मध्ये स्तर व शैली यांची सांगड तेवढी उरली. विचार म्हणून ही विभागणी योग्यच होती, पण व्यवहारात तिचा त्रास झाला. जुन्या आवृत्तीत भरणीचा रंग 'सीएसएस-पॅरामीटर' या घटकात लिहीत, नव्या आवृत्तीत तोच 'एसव्हीजी-पॅरामीटर'मध्ये लिहायचा झाला. दोन्ही प्रकारच्या फाइली आजही वापरात आहेत, त्यामुळे शैली वाचणाऱ्या कोणत्याही लायब्ररीला दोन्ही बोली समजाव्या लागतात.

दुवा तुटला तो रेखाटनाचे काम सर्व्हरकडून ब्राउझरकडे आल्यावर. 2006 साली आलेल्या ओपनलेअर्सच्या जुन्या पिढीत एसएलडी वाचण्याची सोय होती. 2014 साली तिसरी आवृत्ती नव्याने लिहिली गेली तेव्हा ती सोय त्यात आली नाही. शैली आता जावास्क्रिप्टच्या फंक्शनमध्ये लिहायची होती. त्याच सुमारास मॅपबॉक्स या नकाशा-कंपनीची जेसन या मजकूर-स्वरूपात लिहिलेली शैली पुढे आली आणि नव्या प्रकल्पांचा ओढा तिकडे वळला. सरकारी यंत्रणांना मात्र एसएलडी सोडून चालणार नव्हते. युरोपीय संघाच्या भूमाहितीविषयक 2007 च्या इन्स्पायर निर्देशाखालील माहितीसंचांच्या प्रमाणित शैली याच मानकात सांगितलेल्या आहेत, जिओसर्व्हर या नकाशा-सर्व्हरची मूळ शैलीभाषा हीच आहे आणि क्यूजीआयएस या संगणकावर नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमधूनही शैली याच स्वरूपात बाहेर काढता येते. परिणामी एकच शैली सर्व्हरसाठी एक्सएमएलमध्ये आणि ब्राउझरसाठी कोडमध्ये अशी दोनदा लिहावी लागे, आणि एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे राहून जाण्याची शक्यता कायम असे.

नेदरलँड्समधील न्यूलँड या भूमाहिती संस्थेची एसएलडीरीडर नेमकी इथे उपयोगी पडते. ती फाइल वाचून साध्या जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टमध्ये उतरवते, हवा तो स्तर व शैली निवडू देते आणि त्यातून ओपनलेअर्सला समजणारे फंक्शन तयार करते. काम सरळ वाटले तरी प्रमाणाचा प्रश्न नाजूक आहे. नियमातल्या मर्यादा प्रमाणात दिलेल्या असतात, ओपनलेअर्स मात्र पिक्सेलमागे किती मीटर या हिशेबाने चालते, म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे लागते. मानकात एका पिक्सेलची रुंदी 0.28 मिलिमीटर धरली आहे, म्हणून 1:25,000 म्हणजे पिक्सेलमागे 7 मीटर. वेब मर्केटर या वेबवरच्या नेहमीच्या नकाशा-प्रक्षेपात झूम 14 वर पिक्सेलमागे सुमारे 9.55 मीटर असतात, पण ते विषुववृत्तावर. पुण्यात जमिनीवर हेच अंतर सुमारे 9.06 मीटर भरते आणि ॲमस्टरडॅममध्ये जेमतेम 5.8 मीटर. म्हणजे 1:25,000 च्या आत दिसावे असे ठरवलेले गल्लीचे नाव ॲमस्टरडॅममध्ये याच झूमवर दिसायला हवे, तर पुण्यात आणखी एक पायरी आत गेल्यावर. हे रूपांतर कसे करायचे ते वापरणाऱ्याला ठरवता यावे, अशी जागा लायब्ररीने ठेवली आहे. चिन्ह म्हणून बाहेरची प्रतिमा वापरली असेल तर ती उशिरा उतरते, आणि ती आल्यावर स्तर पुन्हा रंगवण्यासाठीही वेगळी सोय आहे.

2018 पासून जर्मनीत आकाराला आलेल्या जिओस्टायलर या शैली-भाषांतराच्या साधनाने निराळी वाट धरली : मध्ये एक सामाईक स्वरूप ठेवायचे आणि एसएलडी, ओपनलेअर्स, क्यूजीआयएस यांच्यात दोन्ही दिशांनी भाषांतर करायचे. त्याचा आवाका मोठा आहे. ज्याच्या हाती एसएलडी फाइल तयार आहे आणि जो ओपनलेअर्सच वापरतो, त्याला मात्र एसएलडीरीडरची थेट वाट जवळची पडते. स्वतः ओजीसीनेही 2020 साली चिन्हांकनाचे संकल्पनात्मक प्रारूप प्रसिद्ध केले. ते कोणत्याही एका लेखनपद्धतीला बांधलेले नाही, म्हणजे हेच नियम उद्या एक्सएमएलऐवजी अन्य स्वरूपातही मानक म्हणून लिहिता येतील.